गाळलेली तीन वाक्यं

दुभाषी चेतनाने माइक तोंडाशी नेला आणि वहीतल्या शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. दिल्लीत मंडी हाउसजवळच्या त्या सभागृहात तीसेक पत्रकार ती कधी बोलते याची वाट बघत होते. शेजारी क्लोतिल्द आर्वोआ शांतपणे पाणी पीत होती. चौदाव्या वर्षी पहिल्याच गाण्याने फ्रान्सला वेड लावणारी ही पोरगी आता पंचावन्नची होती. अजून गात होती, सिनेमांत कामं करत होती. लहानपणी गाजलेले बहुतेक जण विशीतच विसरले जातात, ही टिकली.

म्हणून तर चेतनाने आज अपूर्वाला मुद्दाम आणून दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. लेक पंधराची, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत दुसरी आलेली. मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा पाच वर्षांचा करार चेतनाच्या पर्समध्ये होता. नवऱ्याने, यतीनने, सही केली होती. चेतनाची उद्या सकाळपर्यंत हवी होती. दहावीचं काय, यावर घरात आठवडाभर खल झाला. अपूर्वा गप्प होती, आणि गप्प म्हणजे राजी, असं चेतनाने सोयीने धरलं होतं.

इतकी वर्षं टिकण्याचं श्रेय कोणाला, असं एका पत्रकाराने विचारलं होतं. आईला, क्लोतिल्द फ्रेंचमध्ये म्हणाली. ती प्रत्येक रेकॉर्डिंगला सोबत यायची, थकलीस का, भूक लागली का, सारखं विचारायची. मग आवाज जरा खाली आणून तिने म्हटलं, "पण तुला हे हवंय का, असं तिने कधी विचारलं नाही. मी हो म्हटलंही असतं. तरी विचारायला हवं होतं."

चेतना हिंदीत सांगू लागली.

"माँ हर रिकॉर्डिंग पर साथ आती थीं. पूछती रहतीं, थक गई हो? भूख लगी है?" तिने पर्स जवळ ओढली. "यह सब उन्हीं की देन है."

टाळ्या पडल्या. वीस वर्षांच्या नोकरीत चिडलेल्या पाहुण्यांची बोलणीसुद्धा तिने जशीच्या तशी पोचवली होती. आज पहिल्यांदा काही गाळलं. तिला स्वतःची लाज वाटली, पण तोवर पुढचा प्रश्न आला होता.

द्वारकेला घरी जाणाऱ्या मेट्रोत दोघींना जागा मिळाली. चेतनाने करार मांडीवर घेतला, पेन काढलं.

"बघितलंस ना? चाळीस वर्षं! आई पाठीशी होती म्हणून."

"आई, तू शेवटचं सोडून दिलंस."

"काय?"

"मला सगळं नाही कळलं यार. पण तिच्या आईने तिला कधी विचारलंच नाही, ते कळलं."

सहावी ते आठवी शाळेत फ्रेंच होतं पोरीला. जेमतेम पास व्हायची. घरात त्याची थट्टाच चालायची. चेतनाचे कान तापले. घाई होती गं, असं काहीतरी ओठांवर आलं, पण तेवढं खोटं लेकीसमोर तिला जमेना.

"तुला हवंय का हे?" तिने विचारलं.

अपूर्वाने करारावरची बाबांची सही बघितली.

"पता नहीं, आई. तुम्ही दोघं एवढे खूश होतात, मी कधी विचारच केला नाही."

चेतनाने पेनाला टोपण लावलं.

"मग कर. सकाळी कंपनीला फोन करून मी वेळ मागते."

"आणि नाही दिला तर?"

चेतनाने पेन पर्समध्ये ठेवून दिलं. अपूर्वाने तिच्या मांडीवरून करार उचलला आणि पहिल्यांदाच, पहिल्या पानापासून, वाचायला घेतला.