तेलाखालचा वीर

हुकूम कसा द्यावा, हे शिकायला मी बेळगावला गेले होते. एकोणीसशे पंच्याऐंशी साल. विद्यापीठांच्या संग्रहालयांचे आणि कलादालनांचे आम्ही दहा प्रमुख, आणि आठ दिवसांचं नेतृत्वाचं प्रशिक्षण. शिकवणारे मारुतीराव फळ्यावर बाण काढायचे आणि मी वहीत मारुतीरावांना काढायचे. पुढारीपण असं शिकवून येत असतं तर माझा शिपाई एव्हाना माझं ऐकायला लागला नसता का?

आमचे यजमान होते भीमसेन, तिथल्या दोन खोल्यांच्या विद्यापीठ संग्रहालयाचे प्रभारी प्रमुख. बोरगावजवळच्या खेड्यातल्या बौद्ध मजुराचा मुलगा. आवाज इतका हळू, की मी त्यांना पहिल्याच दिवशी मनातल्या मनात नापास करून टाकलं. त्यांना कायम करायचं की नाही, हे मारुतीरावांच्या अहवालावर ठरणार होतं. आणि संग्रहालयात दाखवण्यासारखं होतं एकच, त्यांच्याच गावचा वीरगळ. लढाईत पडलेल्या वीराचा, पुरुषभर उंचीचा कोरीव दगड. देऊळ नव्याने बांधताना गावाने तो उकिरड्याजवळ टाकला होता. 'गाव मागेल तेव्हा परत' असं लिहून देऊन भीमसेननी तो आणला होता.

सहाव्या दिवशी आम्ही तो बघत असतानाच गाव मागायला आलं. पाटलांच्या घरातल्या अक्काताई, सत्तरीच्या. बरोबर चार बायका, पंचांचं पत्र आणि तेलाची वाटी. देऊळ बांधून झालं होतं, आता वीर परत हवा होता. वीर म्हणजे पाटलांचा पूर्वज, आणि अमावास्येला त्याला तेल घालायचा मान पाटलांच्या घरचा. भीमसेनच्या घरच्यांनी तो लांबूनच बघायचा, हे तिथल्या मष्णू शिपायाने माझ्या कानात सांगितलं.

"आता बघू या," मारुतीराव पुटपुटले आणि त्यांनी वही उघडली.

त्यांच्या जागी मी असते तर पत्र ठेवून घेतलं असतं, वरिष्ठांकडे बोट दाखवलं असतं आणि दोन वर्षं आरामात काढली असती. दगड गेला की संग्रहालयाची रया गेली, आणि रया गेली की कायम कोण करतंय?

भीमसेन म्हणाले, "न्या की आक्का. दगड तुमचाच हाय. पर तेलाच्या आदी आंगूळ घालूया. लई वर्सांचा मळ बसलाय."

कोमट पाणी, रिठे आणि मऊ ब्रश आणले. बायकांनी पदर खोचले, बादली भीमसेननी धरली. तासभर काळं पाणी वाहत होतं. खालच्या पट्टीत कोरलेला माणूस हळूहळू दिसू लागला, तशी अक्काताईंची बोटं त्याच्यावर थांबली.

"घोडं न्हाय रं ह्याला. तलवार बी न्हाय. काठी हाय. खांद्यावर घोंगडं." त्यांनी भीमसेनकडे मान वळवली. "ह्यो पाटील न्हवं. वेस राखणारा वेसकर ह्यो. तुमच्यातला."

"व्हय आक्का."

"तुला ठावं हुतं?"

"पयल्या वर्सापासनं."

"मग बोलला का न्हाईस?"

"मी सांगितलं असतं तर तुमी दगडाकडं बघितलं नसतं. माज्याकडं बघितलं असतं."

वीस वर्षं मी खुर्चीवर बसून माणसांना गोष्टी सांगत आले. त्या त्यांना स्वतः दिसेपर्यंत बादली धरून उभं राहायची ताकद माझ्यात एक दिवसही नव्हती. मारुतीरावांचं लिहिणं केव्हाच थांबलं होतं.

"मग, नेताय न्हवं?" भीमसेननी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. अक्काताई म्हणाल्या, "नेणार की. देवळात न्हाय, वेशीत हुबा करायचा."

भीमसेननी परतीच्या कागदावर सही केली. त्यांची नेमणूक पुढे कायम झाली, पण सही करताना त्यांना ते कुठे ठाऊक होतं?

"परवा ट्रॅक्टर येतंय," अक्काताई म्हणाल्या. "तुज्या बाला, देवाप्पाला घिऊन ये. दगडाला पयला हात त्येचा."

भीमसेननी सहीचा कागद त्यांच्या हातात दिला. "बा न्हाय आता, आक्का. दोन म्हैनं झालं. हितंच गेला, बेळगावात."

"आमाला कुणी सांगितलं न्हाय रं."

"कुणी इचारलंच न्हाय, आक्का."