एवर्टचं नाक

माझ्या दोन भावांचं भांडण पेटलं ते धक्क्याच्या सभेत, सगळ्या गावासमोर. एरवी त्या सभेत कोणाची होडी कुठे बांधायची एवढाच विषय असतो. पण त्या एप्रिलमध्ये नव्याने पसरलेल्या साथीच्या रोगाशिवाय कोणाला काही सुचत नव्हतं, आणि एवर्टला गप्प बसण्याची सवय कधीच नव्हती.

"अरे, येऊन जाऊ दे ना एकदाचं!" तो म्हणाला. "तरण्या पोरांना होईल, बरी होतील. सगळ्या कळपाला रोगाशी लढायची ताकद येईल, की आपण म्हातारे फिरायला मोकळे. हिवाळ्याच्या आत सगळं संपलं बघ!"

"कळप?" हिल्डिंग लांबच्या खडकावरून ओरडला. तो आधीच मास्क लावून आला होता, आणि आमच्याकडे तेव्हा मास्क लावणाऱ्याकडे लोक वळून वळून बघत. "तू असशील मेंढरू! आणि कळपातून आधी कोण गळतं ते ठाऊक आहे ना? आपल्या वयाचं!"

"मग काय घरात बसून कुजू?"

"त्यात काय वाईट? कुजलेली मासळी तर मिटक्या मारत खातोस!"

सगळा धक्का हसला. एवर्ट मात्र हसला नाही. तो थोरला, आणि चारचौघांत धाकट्याने टोपी उडवलेली त्याला मुळीच खपत नाही.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. हिल्डिंगने आपल्या अंगणाभोवती निळी दोरी बांधली आणि ती ओलांडायची नाही असं सगळ्यांना बजावलं. एवर्ट रोज मुद्दाम त्या दोरीला लागून शीळ घालत जायचा. दुपारी दोनला आरोग्य खात्याची पत्रकार परिषद लागायची, ती दोघेही आपापल्या रेडिओवर ऐकायचे. नंतर दोघांचाही मला फोन यायचा, "ऐकलंस? मी काय म्हणत होतो!" तोच रेडिओ, त्याच बातम्या. मी कपाळावर हात मारून घ्यायची.

गावातही दोन तट पडले. दुकानात भुवया उंचावणं आणि नाकं मुरडणं चालायचं. त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. मला काळजी होती ती ऑगस्टची.

ऑगस्टातल्या तिसऱ्या गुरुवारी आमच्या किनाऱ्यावर त्या वर्षीच्या आंबवलेल्या हेरिंग मासळीचा पहिला डबा उघडतात. फुगून टम्म झालेला डबा, आणि त्यातून येणारा तो वास. घरात उघडला तर पडदे जाळावे लागतील. आमच्या घरात बाबांनी नियम घालून दिला होता. हिल्डिंगने डबा उघडायचा, एवर्टने पहिला वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "यंदाची चांगली आहे." तो हे बोलल्याशिवाय बटाट्याला कोणी हात लावायचा नाही. बाबा गेले, आई गेली, आमच्या तिघांत तेवढी एकच गोष्ट जशीच्या तशी उरली होती. दोघे एका डब्यापाशी आले नाहीत, तर पुढे कधीच येणार नाहीत, अशी मला धास्ती लागली होती. या वयात अबोला धरला की तो सोबत घेऊनच माणसं वर जातात. मी पाहिलंय.

म्हणून मी हिल्डिंगच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिले.

"तू येणार आहेस."

"माय्केन, धक्क्यावर वीसेक माणसं असतील. मी पाय ठेवणार नाही."

"मग ठेवू नकोस. होडीत बस."

त्याला ते पटलं, आणि मला हसू आवरेना. त्या गुरुवारी माझा भाऊ वल्ही मारत आला, धक्क्यापासून चांगला लांब नांगर टाकून बसला. मांडीवर ताट, ताटात बटाटे, कांदा, लोण्याची पातळ भाकरी, हातात श्नॅप्स दारूचा इवलासा पेला. त्याच्या वाटची मासळी मी दोरी बांधलेल्या बादलीत घालून पाण्यावरून त्याच्याकडे सोडणार होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवर्टने पाठ फिरवली.

"उघडणारा आला नाही, तेव्हा मीच उघडतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि डबा उघडायची चावी त्यात खुपसली.

फुस्स झालं. धक्क्याच्या अध्यक्षीणबाई सीव डोळे पुसत मागे सरकल्या. सीगल पक्षी कलकलाट करत डोक्यावर घिरट्या घालू लागले. वारा समुद्राकडे होता, होडीत हिल्डिंगने रुमालात तोंड खुपसलं. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, जुन्या ओळखीचं, बरं वाटणारं.

एवर्टने डब्यावर वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. मग वैतागून मान वर केली.

"फसलाय हा डबा. वासच नाही! उद्या कारखान्याला फोन करतो."

कोणी हसलं. मग कोणीच हसेना.

"एवर्ट," होडीतून आवाज आला. एप्रिलनंतर पहिल्यांदा हिल्डिंग त्याच्याशी बोलत होता. "कांदा हुंगून बघ."

एवर्टने कांद्याची फोड नाकाशी धरली. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "सकाळी कॉफीसुद्धा नुसतं गरम पाणी लागली," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, माय्केनने पावडर कमी घातली."

 लोक असे पांगले, की धक्का माझ्या लग्नातही इतक्या झटपट रिकामा झाला नव्हता.

तपासणीत तोच साथीचा आजार निघाला. मी त्याच्या शेजारी बसलेली, म्हणून मीही घरात कोंडलेली. गावातले निम्मे लोकही तसेच. एवर्टच्या दारी जायला मोकळा राहिला कोण? होडीतला.

हिल्डिंग रोज पायरीवर सूप ठेवायचा आणि मागे सरून खिडकीकडे तोंड करून ओरडायचा.

"काय रे, आली का ताकद कळपाला?"

"येतेय! आणि सुपात मीठ घाल!"

"मीठ आहे! तुझं नाक नाहीये!"

मी समोरच्या खिडकीत बसून ऐकायची. इतक्या महिन्यांनी ते पुन्हा भांडत होते, आणि मला ते गाण्याहून गोड लागत होतं.

मग एका सकाळी हिल्डिंगने हाक मारली आणि उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा मारली. मी खिडकी उघडली. तो माझ्याकडे बघत होता, हातात सुपाचं भांडं. ज्या माणसाने वसंतापासून कोणाच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, त्याने मास्क वर ओढला, दार ढकललं आणि आत गेला.

तो बराच वेळ बाहेर आला नाही. नंतर कळलं, एवर्ट तापाने गुंगला होता. हिल्डिंगने त्याला उठवून बसवलं, चमच्याने पाणी पाजलं, दवाखान्यात फोन लावला आणि नर्स येईपर्यंत त्याचा हात धरून बसला.  एक गेला तर दुसरा त्याच्याच मागे, असंच मला खिडकीत बसून वाटत होतं.

ताप उतरला. हिल्डिंगला काही झालं नाही. कसं, ते त्यालाही सांगता येत नाही. पण एवर्टचं नाक काही परत येईना, आणि तो खिन्न झाला. जेवण म्हणजे पुठ्ठा चावल्यासारखं, म्हणायचा. भांडायचाही नाही.

तेव्हा हिल्डिंगने तळघरातून दुसरा डबा काढला. माझीही सुटका झाली होती, म्हणून मी अंगणात उभी होते. बाबांच्या नियमाप्रमाणे त्याने स्वतः चावी फिरवली आणि उघडा डबा एवर्टच्या खिडकीत ठेवला.

"काही येतंय?"

"नाही. ने तो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्याही. गावाने आपापल्या खिडक्या लावून घेतल्या, सीवबाईंचा तर मला तीनदा फोन आला. हिल्डिंग ऐकेना. डबा आणायचा, ठेवायचा, विचारायचा.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा एकदा आत काहीतरी आपटलं.

"ईईई! काढ तो डबा, नालायका! मारतोस का मला!"

हिल्डिंग जागच्या जागी थिजला. आत एवर्ट खोकत होता, शिव्या देत होता, मग हसायला लागला. खिडकीत त्याचं डोकं आलं, डोळ्यांतून धारा लागलेल्या. त्याने डब्यावर वाकून नीट, बाबांनी शिकवला तसा, लांब श्वास घेतला.

"यंदाची चांगली आहे," एवर्ट म्हणाला.

हिल्डिंग पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मी बटाटे उकडायला आत गेले.