‘डावीकडून!’ ओरडणाऱ्याच्या घरची घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे आणि मित्रांनो, मी चिडलेली आहे. आधीच सांगून ठेवते.

कारखान्यातून निघाले ती कोरीनच्या आत्याच्या सायकलवर बसले. आत्या मला वाजवायची तेव्हा वाटेत लोळणारी कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची. एवढा माझा मान! पुढे मी कोरीनच्या मुलीच्या, टिलीच्या सायकलवर आले. दर शनिवारी कोरीन, तिचा नवरा वेन्डेल आणि टिली सायकली घेऊन अमेरिकेतल्या आर्कान्सासच्या डोंगरातल्या सरकारी उद्यानात जातात. तिथली कड्यावरची वाट सगळ्यांची आहे. चालणारे येतात, घोडेस्वार येतात, सायकलवाले येतात. तोंडाशीच पिवळी पाटी आहे, की सायकलवाल्याने सगळ्यांना वाट द्यावी. पण वाचतो कोण?

वेन्डेलने नवी सायकल घेतली आणि त्याच्या डोक्यात हवा गेली. “टिली, डोंगरात फिरणारे घंटी लावत नाहीत गं. आइस्क्रीमची गाडी आहे का ही?” असं म्हणून त्याने मला काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मला! टिलीने गुपचूप उचलून पाठीवरच्या पिशवीत ठेवलं, चीज सँडविचच्या शेजारी.

माझ्याऐवजी तो काय करायचा? मागून ओरडायचा, “डावीकडून!” म्हणजे मी तुमच्या डाव्या बाजूने पुढे जातोय. अहो, पण पाठीमागून कुणी अचानक ‘डावी’ म्हणून ओरडलं की माणूस डावीकडेच उडी मारणार ना! मागच्या महिन्यात एक आजोबा असेच त्याच्या पुढ्यात आले आणि हा गेला काटेरी झुडपात. तेव्हा उद्यानाची राखण करणाऱ्या रेंजरने बजावलं, “आणखी एक तक्रार आली की कड्यावरची वाट सायकलींना बंद.” टिलीचं तोंड एवढंसं झालं. त्या वाटेसाठी ती आठवडाभर शनिवारची वाट बघते.

तरी हा सुधारला का? छे! पुढच्याच शनिवारी उतारावर, त्या वाटेवर नेहमी भेटणाऱ्या मिस ओडेल आपल्या तांबड्या घोडीवरून चालल्या होत्या. वेन्डेल ओरडला, “डावीकडून!” मिस ओडेलनी घोडी डावीकडे वळवली. घोडी बिथरून दोन पायांवर उभी राहिली, मिस ओडेल तिच्या मानेला लटकल्या आणि वेन्डेल चिखलात आडवा.

“अरे वेड्या, डावीकडे म्हणालास म्हणून वळले ना!”

“डावीकडे वळा असं नाही हो, मिस ओडेल. डावीकडून मी...”

“मग पूर्ण वाक्य बोल की! आता थेट रेंजरकडेच जाते.”

“म्हटलं होतं ना मी!” कोरीन कडाडली.

टिली रडकुंडीला आली. तिने पिशवी उघडून मला बाहेर काढलं आणि हळूच वाजवलं. घोडीने कान टवकारले, पण ती जागची हलली नाही. “मिस ओडेल, आमच्याकडे घंटी आहे. बाबांनी टाकून दिली होती. वाट बंद नका ना करायला लावू!”

मिस ओडेलनी वेन्डेलला नखशिखांत न्याहाळलं. “लाव. आत्ता, माझ्यादेखत. पोरीच्या नाही, तुझ्या हँडलवर.”

पाना नव्हता, म्हणून त्याने बुटाची नाडी सोडून मला बांधलं. मिस ओडेल रेंजरकडे गेल्या नाहीत. वाट वाचली. मला वाटलं, चला, अक्कल आली.

कसली येतेय! परवा वळणावर त्याने मला छान वाजवलं. पुढे तेच आजोबा होते. ते थांबले, वळून हसले, उजवीकडे सरकले. आणि हा सवयीने ओरडला, “डावीकडून!”

आजोबा टुणकन डावीकडे.

“बाबा, गप्प!” टिली किंचाळली. ब्रेक लागले म्हणून बरं.

तेव्हा मित्रांनो, घंटी फेकू नका. ती वाजवा, मग थांबा. आणि तोंड उघडायचंच असेल तर ‘कसं काय, आजोबा?’ म्हणा.