अकरा वीसची पेण गाडी

“प्रवाशांनी लक्ष द्यावं,” पोपट माइकवर म्हणाला. रोहा स्टँडच्या भोंग्याने ते शब्द पार रिक्षांच्या रांगेपर्यंत नेले. “नि—”

आणि तिथेच रुतलं.

माइक चालू. भोंग्यातून नुसता श्वास. बाकड्यांवरची माणसं वर बघू लागली.

बावीस वर्षं पेण-रोहा गाडीवर कंडक्टरकी करून पोपट सोमवारी वाहतूक नियंत्रक झाला होता. म्हणजे खिडकीमागची खुर्ची, नोंदवही, शिट्टी आणि हा माइक. साहेबांनी आठवड्याची मुदत दिली होती. नाही जमलं तर परत गाडीवर. तीन दिवस त्याने माइकला हात लावला नाही, फळ्यावर खडूने लिहून भागवलं. पण आज फलाट दोनसमोर काँक्रीट ओतत होते. पेणची गाडी मागच्या गेटाशी लावली होती, आणि नेहमीच्या बाकड्यावर निडीची हौसाबाई तीन सोबतिणींसह रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. चौघींना वाचता येत नव्हतं. पुढची गाडी दीड वाजता.

उठून जाऊन सांगता आलं असतं. खिडकीत शेजारी बसणाऱ्या मदतनीस नितेशला पाठवता आलं असतं. बावीस वर्षं पोपटने तेच केलं होतं.

नितेशने हळूच मोबाइल पुढे सरकवला. “काका, मी रेकॉर्ड करून ठेवलंय. नुसतं बटण दाबा. कोनाला काय कळतंय?”

पोपटने तो बाजूला सारला.

“नि—”

शाळेत ‘हजर’ म्हणायचं असे. गुरुजी नाव घेत, पोपटचं तोंड उघडे, मान ताठ होई, डोळ्यांत पाणी येई, तोवर गुरुजी पुढच्या नावावर गेलेले असत. चौथीच्या अखेरीला त्याच्या नावावर चाळीस दिवस गैरहजेरी निघाली. तो एक दिवसही चुकला नव्हता. पोरं म्हणत, नाव पोपट नि पिंजऱ्यात आवाज नाय.

“नि—”

गाडीवर त्याने पळवाटा शोधल्या. गडब आलं की ‘बाजार आला’. निडी आली की ‘फाटा आला’. नेहमीच्या माणसांना ते पाठ झालं होतं. पण एका दुपारी हौसाबाई अंगात ताप घेऊन पेणहून चढली, बाबा निडी आली की हाक मार म्हणाली आणि मागच्या सीटवर झोपली. गाडी खच्चून भरलेली. पोपट पुढच्या दारातून ‘फाटा, फाटा’ ओरडला. झोपेत तिला ती आपल्या निडीची हाक वाटलीच नाही. ती रोह्याला जागी झाली आणि परतीची गाडी नाही म्हणून तापातच उन्हातून चालत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पोपट तिच्या दारात जाऊन उभा राहिला. माफीसुद्धा धड निघेना. ती ओट्यावर वाल सोलत होती. तिने घाई केली नाही. त्याचं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, “हात केला का तू गाडी थांबवतोस ना आमच्यासाठी? मग आमी नाय थांबनार तुझ्यासाठी?”

त्या शनिवारी तो पेणला गेला. वाचा-उपचार करणारी किमया त्याच्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, “काका, अडखळणं पूर्ण जाईलच असं नाही सांगत मी. आधी लपवणं सोडू.” जीभ टाळूला हलकेच टेकवायची, श्वास कोंडायचा नाही, हे तिने महिनोन्‌महिने शिकवलं. आणि रोज दहा प्रवाशांपुढे मुद्दाम अडखळायचं. पहिल्या दिवशी एका टवाळाने ‘ना-ना-नागोठणे’ म्हणून तिकीट मागितलं. पोपट म्हणाला, “असं नाय. जीभ अजून दाबा वर.” अख्खी गाडी हसली, आणि पहिल्यांदाच त्याच्यावर नाही.

“नि—”

पेपरच्या स्टॉलजवळ कुणीतरी खुदकन हसलं. हौसाबाईने तिकडे मान वळवली. “गप रं. तो बोलतोय.”

काचेआडून पोपटने ते ऐकलं. त्याने श्वास सोडून दिला. जीभ सैल केली, टाळूला नुसती टेकवली.

“नि-नि-निडी,” भोंगा म्हणाला. “नागोठणे. ग-गडब.”

वडखळ हा शब्द त्याला कधीच अडला नव्हता. आताही तो ओठांवर तयार होता.

“व-व-वडखळमार्गे,” पोपट मुद्दाम म्हणाला, सावकाश, चवीने. नितेश त्याच्याकडे बघतच राहिला. “पेणला जाणारी गाडी मागच्या गेटाशी उभी आहे.”

निडीचं नाव ऐकूनही हौसाबाई जागची हलली नव्हती. शेवटचा शब्द झाल्यावर ती उठली, टोपली काखेत मारली आणि सोबतिणींना म्हणाली, “चला गो, झालं त्याचं.” चौघी काँक्रीटला वळसा घालून निघाल्या. मागून बाकीचं स्टँड निघालं.

ड्रायव्हर प्रवीणने गाडी सुरू केली होती. खोलीच्या मागच्या दारात येऊन पोपटने शिट्टी हातात धरून ठेवली. हौसाबाईचा दुसरा पाय पायरीवर आला तेव्हाच फुंकली.

गाडी गेटाबाहेर वळली. परत खुर्चीत बसून त्याने नोंदवही ओढली. सुटण्याची वेळ, अकरा वीस. प्रत्यक्ष सुटली, अकरा चोवीस. उशिराच्या कारणाचा रकाना रिकामा होता. नितेश म्हणाला, काँक्रीटचं काम लिहा, कुणी विचारायचं नाही.

पोपटने पेन झटकलं आणि लिहिलं: बोलत होतो.