न आलेल्यांची हजेरी

मी एक खोटारडा शिक्का आहे, मित्रांनो. जुना तर आहेच, मूठ काळी पडली आहे, रबराची कडा झिजली आहे. पण वयापेक्षा खोटेपणाच जास्त लागला मला. गिरगावातल्या एका कारागिराने मला बनवले, तेव्हा माझ्या अंगावर त्याने प्रामाणिक अक्षरे कोरली होती: ‘उमेदवाराने येथे तीन महिने प्रशिक्षण पूर्ण केले.’ त्याला काय ठाऊक, मी कोणाच्या हाती पडणार ते.

मी पडलो हरेश्वरच्या हाती. डिलाईल रोडवर त्याचे औषधांचे दुकान होते. औषधशास्त्राची परीक्षा पास झालेल्यांनी दुकानात किंवा दवाखान्यात तीन महिने शिकायचे, दुकानात शिकले तर मालकाने मला कागदावर उमटवायचे, मग औषधविक्रेते म्हणून त्यांची नोंदणी व्हायची, अशी रीत होती. हे शिक्षण आणखी वाढवावे की मुळातच काढून टाकावे, यावर तेव्हा आसपासच्या दुकानदारांत रोज तोंडाला तोंड लागे. हरेश्वरचे मत ठरलेले. “परीक्षा पास झाला ना? मग परत कसली उमेदवारी? डबा काढायचा नि द्यायचा, त्यात शिकायचं काय?” असे म्हणत तो ओळखीपाळखीच्या पोरांच्या कागदांवर मला खुशाल दाबत असे. ती पोरे दुकानाची पायरीही चढलेली नसत. त्याचा भाचा जगन त्यातलाच. नोंदणी झाल्यावर मात्र तो मामाच्याच गल्ल्यावर ऐटीत येऊन बसला. मला त्या दोघांचा संताप येई, पण शिक्क्याच्या संतापाला कोण विचारतो?

अशात दमयंती आली. १९८२ साल, गिरण्यांचा संप चिघळलेला. तिचे वडील संपात, चूल कशीबशी पेटत होती. परळच्या एका इस्पितळात तिला नोकरी मिळणार होती. फक्त माझा ठसा असलेला कागद हवा होता. ही मुलगी तीन महिने एकही दिवस चुकली नाही. पातळ औषधाची बाटली भरायची, डोसाच्या खाचा कापलेली कागदी पट्टी तिला चिकटवायची, हे तर ती शिकलीच. पण बायका भरायला आणत त्या जुन्या बाटल्या ती आधी उजेडात धरून बघे. तळाचे औषध फिकट दिसले की हळूच विचारी, “मावशी, पाणी घालता काय ओ ह्याच्यात?” संपात घरोघरी तेच चालले होते. एक डोस घेतला की तेवढे पाणी ओतायचे, म्हणजे बाटली पुरते.

हरेश्वर खेकसे, “नको त्या चौकशा कशाला गं? औषध द्यायला काय अक्कल लागते?”

“द्यायला नाय लागत, काका. कधी थांबायचं, त्याला लागते.”

तेव्हापासून तो तिच्यावर दात धरून होता.

एके दिवशी त्याने तिला माल आणायला पाठवले आणि नेमकी शेजारच्या चाळीतली रखमा आली. तिच्या सहा वर्षांच्या चंपाला फिट येत. औषधात पाणी घातल्याने फिट वाढल्या होत्या. डॉक्टरला पाण्याचे माहीत नव्हते, त्याने डोस दुप्पट लिहून दिला. रखमाने फिकट औषधाची बाटली जगनसमोर ठेवली. या शहाण्याने ती न बघता विसळली आणि नवे औषध भरून दिले. फिट वाढल्या म्हणून डॉक्टर रागावला होता, त्या धास्तीने रखमाने या वेळी पाण्याचा थेंब घातला नाही. निखळ औषधाचा दुप्पट डोस पोटात गेला आणि चंपा दीड दिवस डोळे उघडेना. इस्पितळात नेली म्हणून वाचली.

चौकशीला सरकारी माणूस येणार, असे कळले तसे हरेश्वरचे धाबे दणाणले. जगन कुठे शिकला, या प्रश्नावर त्याचे सगळेच बिंग फुटणार होते. त्याने दमयंतीचा कागद पुढे ओढला, मला शाईत बुडवले आणि हात वरच ठेवला.

“बाटली तू भरलीस असं लिहून दे. तू शिकाऊ, तुला सोडतील. लिही, की मारला शिक्का.”

“मी भरली नाय, काका.”

“बापाकडे बघ जरा. सोमवारी नोकरी आहे तुझी.”

घरी बसलेला बाप तिच्या डोळ्यांसमोर होताच. मी मनातल्या मनात ओरडत होतो, पोरी, नाही म्हण. आणि दुसऱ्याच क्षणी वाटे, घे बाई, घरी खायला काय आहे?

तिने शिक्का न उमटलेला तो कागद त्याच्या हाताखालून ओढून घेतला, घडी घातली आणि थेट रखमाच्या खोलीवर जाऊन खरे काय ते सांगितले. ती नोकरी गेली. दुसऱ्या एका दवाखान्यात तिने पहिल्या दिवसापासून पुन्हा तीन महिने काढले.

चौकशीचा माणूस आला, जगनला घेऊन गेला. महिनाभराने जगन परत गल्ल्यावर. कागद चोख होता ना त्याचा.

मित्रांनो, औषध घ्यायला जाल तेव्हा भिंतीवर टांगलेल्या कागदाला भुलू नका. समोरचा माणूस चार प्रश्न विचारू लागला, तर घाई आहे म्हणून त्याच्यावर डाफरू नका. तुम्हीच डाफरता, म्हणून हरेश्वरासारख्यांचे फावते. जगनच्या कागदावर मी अजून ठळक आहे. जी खरेच शिकली, तिच्या कागदावर मी कधी उमटलोच नाही.