एक बाजू कमी

फ्रेमवालीचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली, पण त्याचं स्टूल तिने जागचं हलवलं नव्हतं. पट्टी कापायला दोन माणसं लागतात, एक धरायला आणि एक करवत ओढायला. आता धरणारा उरला नाही, म्हणून पट्टीचं एक टोक ती त्या स्टुलाला बांधायची. बांधायचा पट्टाही त्याचाच, कमरेचा.

बाजारात प्लास्टिकच्या तयार फ्रेमा आल्या होत्या, वजनाला हलक्या आणि दिसायला त्याहून हलक्या. गिऱ्हाईक फिरकेना. दुपारचा डबा ती भिंतीवरच्या फोटोंसमोर खायची. फ्रेम करायला देऊन गेलेले आणि न्यायला कधीच न आलेले असे अकरा जण तिथे होते. टोपीवाला, दोन वेण्यांची पोर, एक रागीट म्हातारा. सगळ्यांशी बोलून झालं की डबा धुवायला उठायची.

मुलगा म्हणाला, "आई, मोबाइलवाला गाळा मागतोय. महिनाअखेरपर्यंत एक तरी मोठं काम दाखव, नाहीतर कुलूप."

"आधी तुझ्या तोंडाला लाव."

बोलली खरं, पण त्याच संध्याकाळी लाकडं चाळायला बसली. नवं लाकूड घ्यायची ऐपत नव्हती. फळीखाली वीस वर्षांचे तुकडे तेवढे साचले होते. पण एकसारखे चार काही जुळेनात. शेवटी तिने जुळवायचा नादच सोडला. चार बाजू चार लाकडांच्या केल्या आणि सांधा मात्र असा घट्ट, की नखही शिरू नये. फ्रेम दारात टांगली.

तीच बघून लॉजवाली आत शिरली. "मावशी, अशा चाळीस द्याल? खोलीला एक. पण नवं लाकूड एकही नको हं, पाहुण्यांना मी तसंच सांगणार."

"नवं आहे कुठे माझ्याकडे, बाई?"

एकोणचाळीस झाल्या. चाळिसावीला एक बाजू कमी पडली.

टोपीवाल्याची फ्रेम सहज उकलता आली असती. विचारणार कोण होतं? पण लोकांची ठेव मोडायची नाही, हा नवऱ्याचा शब्द. तो होता तेव्हा त्याचं एक ऐकलं नाही. आता ऐकायची सवय लागली होती.

तिने स्टूल उलटं केलं. खालची आडवी दांडी गुडघ्यात धरून कापली.

लॉजवालीने त्या फ्रेमवरून बोट फिरवलं. "ही बाजू झिजली कशाने?"

"टाचांनी."

"कुणाच्या?"

"होता एक आळशी माणूस. दिवसभर बसून असायचा."

ती फ्रेम लॉजवालीने खोलीत न देता स्वतःच्या टेबलावर ठेवली. वर आरशांसाठी साठ सांगितल्या, आणि सुतारांकडचे तुकडे गोळा करून पाठवायचंही कबूल केलं.

मुलाचा फोन आला. "मानलं तुला! मोबाइलवाल्याला नाही म्हणून कळवतो. या रविवारी घरी बोलावणार होतो तुला, पण आता वेळ कुठे असणार!"

"हो ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुतारांचं पहिलं पोतं आलं. तिने पट्टी स्टुलाला बांधली आणि करवत ओढली. दांडी गेल्यामुळे स्टूल डुगडुगायला लागलं, वर कोणी चुळबुळत बसल्यासारखं.

"अहो, नीट धरा की!" ती खेकसली.

मग त्याचा पट्टा आणखी एक भोक आवळला आणि पुन्हा करवत ओढली.