सुटीचा टोल अजून दिलेला नाही

मित्रांनो, पालमच्या अलीकडच्या आमच्या गावात, शाळेच्या लिंबाला तारेने बांधलेले हातभर लोखंड लोंबकळताना दिसते ना, तोच मी. मी रेल्वेचा जुना रूळ आहे. म्हणजे आता तुकडाच उरलो आहे, पण ऐट अजून अख्ख्या रुळाची आहे.

तरुणपणी मी पूर्णेजवळ खडीवर पडून होतो. छोट्या लाईनच्या गाड्या माझ्या अंगावरून धडधडत जात. मग मोठी लाईन आली आणि आम्हाला उखडून भंगारात टाकले. तिथून गावच्या एका गुरुजींनी मला बैलगाडीत घालून आणले, भोक पाडून घेतले आणि इथे टांगले. पहिला टोल पडला तेव्हा सारे गाव म्हणाले, "आवाज लय खणखणीत हाय!" मी जो फुगलो, तो बरीच वर्षे खाली आलो नाही.

पुढे शाळेत विजेची घंटा आली. बटण दाबले की ती किरकिरायची आणि मुले वर्गात जायची. मला कोणी विचारीना. माझी तार गंजली, अंगावर कोळ्यांनी जाळी विणली, येणारेजाणारे उगाच मला खडे मारून बघू लागले.

या जूनमध्ये सुकेशनी मॅडम आल्या. ताडकळसची लेक, पहिलीच नोकरी. शिकवायचे त्या गावातच राहायचे म्हणून त्यांनी खिचडी शिजवणाऱ्या बायनाबाईंच्या घरातली पुढची खोली घेतली. आल्या दिवशी लाईट नव्हती, त्यामुळे विजेची घंटा वाजेना. त्यांनी पदराने मला पुसले आणि मला वाजवायची लोखंडी कांब हातात घेतली. त्या दिवसापासून मी पुन्हा कामाला लागलो.

त्यांची एक रीत होती. ती त्यांनी मोठ्या गुरुजींना, व्यंकटराव सरांना, माझ्याच खाली उभे राहून सांगितली. "सर, टोल दिला की आपण शिकवायला उभं राहायचं. आणि सुटीचा टोल पडेपर्यंत एकाही लेकराला वर्गाबाहेर काढायचं न्हाई. उशिरा आलं म्हणून न्हाई, चुकलं म्हणून न्हाई."

सर हसले. म्हणाले, "पहिल्या वर्षी सगळ्यांनाच असं वाटतंय, मॅडम."

मॅडमनी मुलांकडूनही शब्द घेतला की, सुटीच्या टोलाआधी कोणी जागा सोडायची नाही. मुले तर त्यांच्याही पुढची निघाली. एकदा वर्गात वानरे शिरली. मॅडम किंचाळत बाहेर आल्या, पण मुले जागची हलली नाहीत. मी वाजतो का, याची वाट बघत बसली. मी तेव्हा मनापासून हसलो होतो. आता ते आठवले की हसू येत नाही.

बायनाबाईंची नात निकिता चौथीत होती. तिला वाचता येत नव्हते. मॅडमनी तिचा पिच्छा पुरवून तिला शिकवले आणि दसऱ्याच्या सुमारास ती वाचू लागली. मग एसटीवरची पाटी असो की साबणाचा कागद, दिसेल ते मोठ्याने वाचायची. पण तिचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली आणि टोळी निघायची वेळ आली.

मॅडम तिच्या वडिलांच्या, भुजंगभाऊंच्या, मागे लागल्या. "निकिताला ठेवा. आजी हाय, मी हाय. एका घरातच राहतोत आमी."

भुजंगभाऊ खाली मान घालून म्हणाले, "तुमचं खरं हाय, मॅडम. पण आमी दोघं फडात असल्यावर धाकल्याला कोन बघंल? त्ये अजून अंगावर पितंय. त्याला मागं ठेवता येत न्हाई."



निघायच्या दिवशी उजाडता उजाडता ट्रॅक्टर पारापाशी उभा राहिला. टोळीतल्या घरांची मुले ट्रॉलीतल्या बोचक्यांवर चढून बसली. तेवढ्यात मॅडम अनवाणी धावत आल्या आणि त्यांनी कांब उचलून मला बडवायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत मला असे कोणी वाजवले नव्हते. तो टोल नव्हता, हंबरडा होता.

आणि मुले आली! सवयच ती. ट्रॉलीतून पटापट उड्या मारून धावत आली आणि माझ्याखाली रांगेत बसली. निकिता धाकट्याला काखेत घेऊन आली.

टोल दिला म्हणजे शिकवायचे. मॅडमनी निकिताच्या हातात पुस्तक दिले. धाकटा पान ओढत होता, त्याचा हात बाजूला करत ती वाचू लागली. फाटकाशी आईबाप येऊन उभे राहिले. भुजंगभाऊंनी लेकीचे वाचन कधी ऐकले नव्हते. ते टोपी हातात घेऊन ऐकत राहिले.

ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. "चला रे," भुजंगभाऊ म्हणाले. एकही मूल उठले नाही. सगळी माझ्याकडे बघत होती.

"मॅडम, सुटीचा टोल द्या. त्याबिगर लेकरं उठनात."

मॅडमनी कांब खाली ठेवली. "मी न्हाई देणार, भाऊ. शाळा सुटली असं खोटं कसं सांगू ह्यांना?"

मग बापांनी आपापली मुले बसल्या जागेवरून उचलून नेली. मला हात असते तर मी त्यांना अडवले असते. शेवटी निकिता राहिली. भुजंगभाऊंनी पुस्तक बोचक्यात नीट खोचले आणि दोन्ही लेकरांना एकदमच उचलले. बापाच्या खांद्यावरून ती ओरडली, "मॅडम, आमी येईपर्यंत टोल देऊ नका!"

ट्रॅक्टर गेल्यावर मॅडम माझ्या गार अंगाला कपाळ टेकून रडल्या. "माझ्यानं काहीच झालं न्हाई," एवढेच म्हणत राहिल्या. बायनाबाई जवळ उभ्या होत्या.

अजूनही रोज सकाळी मॅडम मला वाजवतात. उरलेली थोडकी मुले येतात, मॅडम शिकवतात. संध्याकाळी मात्र मला कोणी हात लावत नाही. एकेका मुलाचा हात धरून मॅडम त्याला फाटकापर्यंत सोडतात. आता व्यंकटराव सरही तसेच करतात आणि हसत नाहीत.

मित्रांनो, मला रंग नको, कौतुकही नको. जमले तर माझी गंजलेली तार तेवढी बदला, कारण मला आता पडून चालणार नाही. मी लाख खणखणलो तरी माझा आवाज उसाच्या फडापर्यंत पोचत नाही. तुम्ही मात्र तिथून जाता येता. पाचटावर धाकट्याला खेळवत बसलेली मुलगी दिसली, तर थांबा, तिचे नाव विचारा. ती निकिता असली किंवा दुसरी कुणी असली, तरी तिला सांगा की, सुटीचा टोल अजून दिलेला नाही. तुझी शाळा भरलेलीच आहे.